घशात काहीच नव्हतं

सानगडीत कोणाच्या ढोराच्या घशात काही अडकलं, की लोक आधी सत्यभामेच्या दारात येतात. डॉक्टरला फोन नंतर. दार वाजवायचीही पद्धत नाही, सडकेवरूनच हाक येते, "सत्यभामाबाई, चाला जी, म्हैस मरून राहिली!" मग सत्यभामा हातातली कणीक तशीच परातीत टाकते, पदर खोचते आणि चपला शोधू लागते. चपला तिला कधीच वेळेवर सापडत नाहीत. अर्ध्या वेळा ती अनवाणीच जाते.

तिचा उजवा हात लांब आणि भलता बारीक आहे. नवी नवरी होती तेव्हा बांगडीवालीने तिच्यासाठी लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या काढल्या होत्या आणि वस्तीतल्या बायका हसल्या होत्या, की या हाताने धानाची रोवणी कशी व्हायची. रोवणी झाली, कापणी झाली, दोन लेकरं वाढली. शिवाय त्याच हाताने आंब्याच्या कोयी, अख्खी वांगी, रताळी आणि एकदा कोणाच्या तरी पोराचा रबरी चेंडूसुद्धा ढोरांच्या घशातून बाहेर आला. चेंडू परत मिळाल्याचा आनंद त्या पोराला म्हैस वाचल्यापेक्षा जास्त झाला होता.

तिचा नवरा यादोराव बोलतो कमी आणि टोचतो जास्त. "दीक्षा घेतल्यावर आमच्या बुढ्यानं मेलेली ढोरं ओढनं सोडलं," तो म्हणायचा, "अन् तू जित्या ढोरायच्या तोंडात हात घालत फिरून राहिली." सत्यभामा एकदाच उत्तर देऊन मोकळी झाली होती. "मेलेलं ओढनं त्यायनं मानासाठी सोडलं. जितं ढोर माह्या डोळ्यासमोर गुदमरून राहिलं तर मी कायले सोडू?" त्यानंतर यादोराव टोचायचा, पण तिच्या चपला शोधूनही द्यायचा.

कामाची रीत ठरलेली. एकाने शिंगं धरायची. दुसऱ्याने ओल्या फडक्यात जीभ पकडून बाजूला ओढून ठेवायची. जीभ दाढांमध्ये आली की ढोर तोंड मिटत नाही, मिटलं तर स्वतःचीच जीभ चावली जाईल. मग समोरचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सत्यभामा हात आत सरकवते. ढोराचा घसा हाताला आवळतो, ढकलतो, पुन्हा आवळतो. त्या आवळण्यावरूनच तिला कळतं की वस्तू कुठे बसली आहे. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तृप्तीबाईंनी तिला एकदा रबरी हातमोजे दिले होते. सत्यभामेने ते मिरच्या कांडायला वापरले. हातमोज्यातून बोटांना काही सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते ती मोठ्या ठसक्यात सांगायची.

जीभ धरायला तिला राखी लागायची. राखी म्हणजे ताराचंदची पोरगी. ताराचंदचं घर मोठ्या सडकेला, जरा खातंपितं. परकर घालायची तेव्हापासून राखी सत्यभामेच्या मागे गोठ्यागोठ्यांतून फिरली. तिची पकड अशी, की फडकं निसटलं तरी जीभ निसटायची नाही. गेल्या वर्षी तिचं लग्न होऊन ती लाखांदूरला गेली, तेव्हा सत्यभामा मांडवात रडली होती. आता ही चाललेली पोरगी जवळची म्हणून रडते की कामाची म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

यंदाच्या दिवाळीला राखी माहेरी आली होती, पोटुशी. भाऊबीज होऊनही आईने तिला ठेवून घेतलं होतं. धान कापणी जोरात होती. त्या दिवशी सत्यभामा दुपारची धानाच्या बांधीतून घरी येते ना येते तोच ताराचंद स्वतः दारात उभा. "बाई, चांदीच्या घशात काही बसलं. कालपासून तनशीची काडी तोंडात नाही. लाळ गळून राहिली नुसती."

चांदी त्याची गाय. तीसुद्धा गाभण होती. ताराचंद सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, की माझ्या घरी दोन बाळंतपणं बरोबरच होणार. गोठ्यात चांदी मान लांब करून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा खाली जमिनीपर्यंत. हंबरायला गेली तर आवाज फाटका निघाला. अंगणात रताळी वाळत पडली होती, त्यामुळे कोणालाच दुसरी शंका आली नाही. राखीने पदर खोचला आणि फडकं ओलं केलं. तिची आई सुशीलाबाई आतून ओरडली, "अवं, तू कायले जातेस या अवस्थेत?" पण राखीने जीभ धरलीसुद्धा होती.

सत्यभामेने हात घातला. कोपरापर्यंत गेला. आणि तिथे तिच्या बोटांना जे कळलं, ते आजवर कधी कळलं नव्हतं. घसा आवळलाच नाही. चांदीने ठसका दिला नाही, ढकललं नाही. आत सगळं लुळं, गरम आणि सैल पडलं होतं. तिने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा तो लाळेने न्हाला होता.

"घशात काहीच नाही, भाऊ," ती म्हणाली.

"नीट पाहा ना."

"पाहिलं. काही नाही. पन घसा असा... धरतच नाही." तिने बादलीतल्या पाण्याने हात खळबळून पदराला पुसला. नेहमी काम झाल्यावर चहा पिऊन हसतखिदळत निघणारी बाई त्या दिवशी चहा अर्धा टाकून निघाली. वाटेत तिने आपला हात दोनदा वास घेऊन पाहिला. काय हुंगते आहे, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने राखी लाखांदूरला गेली. चांदी त्यानंतर भिंतीला डोकं घासत राहिली, मागच्या पायांनी खचली आणि मेली. ताराचंदने शेतात खड्डा खणून, हळदकुंकू वाहून, मीठ टाकून तिला पुरलं. पोटातल्या वासरासकट.

सत्यभामेच्या मनातून मात्र तो लुळा घसा जाईना. कापणी करता करता ती मध्येच विळा थांबवायची. भाकर थापताना बोटं त्याच आकारात वळायची. दुसरी कोणी असती तर गाय मेली, विषय संपला, म्हणून मोकळी झाली असती. पण जी बाई चेंडू काढल्याचं वर्षानुवर्षं सांगत फिरते, तिला काही न सापडणं कसं पचावं? शेवटी ती एका सकाळी विळा तसाच कमरेला खोचून ढोरांच्या दवाखान्यात गेली. मनात अशी इच्छा, की डॉक्टरबाईंनी म्हणावं, होतं असं कधी कधी.

डॉक्टर तृप्ती ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांचं पेन हातातून टेबलावर पडलं. "त्या गायीला कुत्रं चावलं होतं का?"

"तिले नाही चावलं." मग आठवलं, तसं सत्यभामेने सांगितलं. पोळा झाल्यावर, रानात चिखल होता तेव्हा, तलावाच्या पाळीवर एक भटकं कुत्रं ढोरांच्या कळपात घुसलं होतं. ऑटोवाल्या अंकुशच्या गोऱ्ह्याला चावताना लोकांनी पाहिलं आणि कुत्र्याला काठ्यांनी मारलं. तो गोऱ्हा नंतर असाच गेला, सापाने डसला असेल म्हणून लोक गप्प बसले. त्या कळपात चांदीही होती. कुत्र्याने त्याआधी कोणाकोणाला तोंड लावलं ते कोणी पाहिलं होतं?

डॉक्टरबाईंनी तिला ओढतच नळाखाली नेलं. साबण लावून कितीतरी वेळ हात धुवायला लावला, मग स्पिरिट ओतलं. आणि सत्यभामेचा हात पेटला. बोटांच्या पेरांत, मनगटावर, तळव्याच्या कडेला, जिथे तिला काहीच लागलेलं दिसत नव्हतं अशा जागी आग झाली. धानाच्या पात्यांनी कापलेलं, डोळ्यांना न दिसणारं, ते सगळं एकदम बोलायला लागलं. त्या आगीने तिला जे पटलं ते नुसत्या सांगण्याने पटलं नसतं.

"हा पिसाळल्याचा रोग वाटते मले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पक्कं सांगायला गायीचा मेंदू तपासावा लागते. पण सुई आजच घ्या. वाट पाहू नका."

"पन गाय तर पोळ्यापासून चांगली होती जी. चरत होती, गाभन राहिली. तेव्हा कुठं होता रोग?"

"तिच्यातच होता. या विषाणूचं असं आहे, बाई, त्याले एकट्याले वाढता येत नाही, जितं मांस लागते. कुत्रं चावलं त्या जागी तो मांसात शिरते आणि तिथंच आपल्यासारखे आणखी तयार करते. तुम्ही रोवणीआधी धानाचे पऱ्हे टाकता ना एका कोपऱ्यात, तसं. तेव्हा ताप नाही, सूज नाही. कोणाले काही दिसत नाही. मग तिथून नसेत शिरते."

"रगतात नाही जात?"

"नाही. रक्तानं गेला असता तर लवकर पोचला असता. हा नसेनसेनं पायी चढते, रोज थोडा थोडा. जखम मेंदूपासून दूर असली तर महिने लागतात. मेंदूत पोचला की त्याची रोवणी सुरू. तिथं एकाचे लाख होतात. मग उलटा नसांनीच खाली उतरते आणि लाळेच्या गाठींत भरते. त्याच वेळी घसा लुळा पडते. लाळ गिळता येत नाही, बाहेर गळते. आणि आपल्याले वाटते, घशात काही अडकलं."

सत्यभामा आपल्या हाताकडे पाहत राहिली. म्हणजे ज्या लाळेत हा हात न्हाला, ती त्याची काढणीला आलेली बांधी होती. "अन् मानसाच्या मेंदूत पोचला तर?"

डॉक्टरबाईंनी स्पिरिटची बाटली बंद केली. "तो पायी असते तोवर सुई त्याच्या पुढं जाऊ शकते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, आजच. आणखी कोणाचा हात लागला तिच्या तोंडाला?"

जीभ. "राखीचा," ती म्हणाली. "पोटात लेकरू आहे तिच्या."

दोघी तशाच ताराचंदकडे गेल्या. तो खळ्यावर धानाचे भारे रचत होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला हळदीचं फडकं गुंडाळलेलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं तर म्हणाला, खड्डा खणताना पावडं लागलं. गाय उकरून डोक्याचा नमुना घ्यायचा म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. "मीठ घालून पुरली मी तिले. आता तिचं डोकं कापता? अन् कुत्र्याचा रोग म्हनता माह्या गायीले?"

"मग निदान सुया घ्या. घरातल्या सगळ्यांनी. राखीलेही कळवा."

"राखीनं हात नाही लावला. ती तिथं नव्हतीच." इतकं सरळ खोटं त्याने सत्यभामेच्या तोंडावर सांगितलं, की तिला क्षणभर वाटलं, खरंच नव्हती की काय. "माही गाय घशात अडकून मेली, बस."

"घशात काहीच नव्हतं, भाऊ," सत्यभामा म्हणाली.

"तुमच्या हाताले लागलं नसन," ताराचंद म्हणाला आणि पाठ फिरवून भारे रचू लागला.

इतक्या वर्षांत तिला असं कोणी बोललं नव्हतं. तिला राग आला, चांगलाच आला. त्याच रागात ती साकोलीच्या दवाखान्यात गेली आणि सुया टोचून घेऊन आली. पुन्हा पुन्हा यावं लागेल, असं तिथे सांगितलं. डॉक्टरबाईंनी लाखांदूरच्या दवाखान्याला फोन करते म्हणून कबूल केलं होतं. पण दवाखान्याचा माणूस दारात जाऊन उभा राहिला तरी राखीची सासू शकुनबाई पोटुशा सुनेला सुई टोचू देईल, यावर सत्यभामेचा विश्वास नव्हता. लग्नात शकुनबाईने वरणात मीठ कमी म्हणून अख्खी पंगत थांबवली होती. सत्यभामेने राखीला फोन लावला. शकुनबाईनेच उचलला. "ती निजली आहे," म्हणाली. नंतर लावला तर बंद.

ती संध्याकाळ घरातल्यांनाही जड गेली. सत्यभामा बसे, उठे, अंगणात जाई, परत येई. हातावर मुंगी चालल्यासारखं वाटलं की दिव्याखाली जाऊन पाही. मुंगी असली तर तिला बरं वाटे. घडीघडी ती माठातून पाणी घेऊन एक घोट गिळी, घसा चालतो आहे ना ते पाहायला. यादोराव बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "माठ रिकामा केला ना वं तू. तुले होऊन होऊन मुतखडा बरा होईल, दुसरं काही होत नाही." ती हसली नाही. म्हणाली, "मी तर सुई घेतली. तिच्या हातात तो चढून राहिला असन अन् ती तिथं भाकरी थापून राहिली असन." सकाळी यादोरावने तिच्या चपला उंबऱ्यापाशी जोडून ठेवल्या होत्या.

लाखांदूरची एसटी त्या दिवशी मेली चालतच नव्हती. प्रत्येक फाट्यावर धानाची पोती, बायका, कोंबड्या. कंडक्टर पोत्यांच्या भाड्यावरून हुज्जत घालत बसला तेव्हा सत्यभामा जागेवरून ओरडली, "अहो, सोडा ना जी गाडी!" सगळे वळून पाहू लागले. ती मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत बसली होती. किती वर आला असेल? पोरीचे हात तर आखूड आहेत.

शकुनबाईने तिला अंगणात खाट टाकून दिली, पाणी दिलं. पाहुणचारात कसूर नाही. मग समोर बसून म्हणाली, "व्याह्यांचा फोन आला होता. म्हणाले, गावात काही बाया उगीच भेव पसरवून राहिल्या. तुम्हीच का त्या?"

"मीच," सत्यभामा म्हणाली. तिने सगळं सांगितलं. कुत्रं, घसा, पऱ्हे, रोवणी, जसं आठवलं तसं, पुढचं मागे आणि मागचं पुढे. आतून राखी आली होती. सत्यभामामावशीला पाहून ती आधी हसली आणि ऐकता ऐकता दाराच्या चौकटीला टेकली.

"माझ्या सुनेच्या हाताले खरचटलेलंही नाही," शकुनबाई म्हणाली. "पाहा. अन् पोटात लेकरू असताना इंजेक्शन? विनोद शेतातून आल्यावर पाहू." विनोद म्हणजे तिचा मुलगा. तो आल्यावर काय पाहणार, ते अंगणातल्या तिघींनाही माहीत होतं. तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

शब्दांचं काम सत्यभामेचं कधी नव्हतंच. तिने इकडेतिकडे पाहिलं. चुलीजवळच्या टोपलीत लिंबं होती. "एक लिंबू कापून द्या जी," ती म्हणाली. शकुनबाईला वाटलं, उन्हातून आली, सरबत मागते आहे. तिने लिंबू कापून दिलं. सत्यभामेने राखीचा उजवा हात ओढला आणि त्यावर लिंबू पिळून रस बोटाबोटांत चोळला.

राखीने "आई गं" म्हणत हात मागे घेतला.

"काहून ओढला?" शकुनबाईने विचारलं.

"झोंबलं."

"कुठं?"

राखीने अंगठ्याच्या बेचक्यात बोट दाखवलं, मग मनगटापाशी. "भारे बांधले होते आईसंगं. त्यानं असन. त्या दिवशी फडकंही निसटलं होतं, मी तशीच जीभ धरून ठेवली."

शकुनबाई उठली. तिने लिंबाची उरलेली फोड घेतली, सुनेचा दुसरा हात स्वतःच्या हातात घेतला आणि पिळली. राखीने दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं. शकुनबाईने त्या हाताकडे नीट पाहिलं. दिसत काहीच नव्हतं. तिने फोड टाकून दिली आणि पदर डोक्यावर घेतला. "चहापाणी राहू द्या," ती म्हणाली. "पहिले सुई." आणि फाटकाकडे जाता जाता सत्यभामेला म्हणाली, "चाला ना, बसून काय राहिल्या?"

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, की या सुईने पोटातल्या बाळाला काही होत नाही. ते त्यांना शकुनबाईसाठी तीनदा सांगावं लागलं. राखीला सुया टोचल्या तेव्हा सत्यभामेने आल्यापासून पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली. आता पाणी प्यावंसं वाटलं, आणि ते खरोखरच्या तहानेने. पेल्याला तोंड लावते तोच नर्सने विचारलं, "अजून कोणी हात घातला होता का गायीच्या तोंडात?"

"मी अन् मावशी," राखी म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "अन् बाबांनी."

सत्यभामेने पेला खाली ठेवला.

"तू गेल्यावर, मावशी. म्हणाले, बाईच्या हाताले सापडलं नाही, मीच पाहतो. मी जीभ धरते म्हटलं तर मले आत पाठवलं. एकट्यानंच घातला हात. तिचे दात मिटले. अंगठा दाढेखाली आला, लय रगत आलं. मले म्हणाले, सत्यभामाले नोको सांगू. तिच्यावर भरोसा नाही केला असं वाटन तिले." राखीने तिथेच फोन काढून वडिलांना लावला. रडत रडत सगळं सांगितलं, तो हातातून पायी वर चढतो तेही. पलीकडून "हो, जातो," असं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

परतीच्या एसटीत सत्यभामा बसलीच नाही. जागा होती, तरी दांडा धरून दारापाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ते हळदीचं फडकं येत होतं. पावडं लागलं म्हणे! आणि ती त्याच्यावर कालपासून रागावून बसली होती. तिला तर पात्यांचे ओरखडे होते, पोरीलाही तेवढंच. याचा अंगठा दाढेखाली फुटला आहे. सगळ्यांत जास्त पऱ्हे तिथे पडले, आणि हळद लावून हा माणूस धान रचत बसला. हातातला दांडा तिने इतका आवळला होता, की कंडक्टर म्हणाला, "बाई, तुटन तो."

सानगडीच्या थांब्यावर अंकुशचा ऑटो उभा होता. "जाऊ नोको कुठं," तिने त्याला दम दिला. "माह्या मागं ये, अन् इंजिन बंद नोको करू." दिवस कलला होता. सुशीलाबाई अंगणात धान पाखडत होती. तिने मानेने गोठ्याकडे दाखवलं. आणि ती पुन्हा पाखडू लागली. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

ताराचंद गोठ्यात चांदीच्या रिकाम्या खुंट्यापाशी उकिडवा बसला होता. दावं गुंडाळून मांडीवर घेतलेलं. सत्यभामेला पाहून त्याने उजवा हात धोतराच्या सोग्यात घेतला, लहान लेकरू चोरलेली गुळाची ढेप लपवतं तसा.

"हात दाखवा, भाऊ."

त्याने हात आणखी आत घेतला. मग म्हणाला, "तुमच्यावर भरोसा नव्हता असं नाही जी. डोळ्यासमोर ती मरून राहिली होती, अन् तुम्ही म्हनता काही नाही. मले वाटलं, एक डाव पाहतो."

"पाहाच लागते," सत्यभामा म्हणाली. "माही गाय असती तर मीबी पाहिलं असतं." हे बोलताना तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

"तिनं चावलं नाही मले," ताराचंद घाईघाईने म्हणाला. "कोनाले असं सांगू नका. तिचे दात मिटले नुसते. तिले माहीतच नव्हतं माहा हात आत आहे म्हनून."

"हो. तिले माहीत नव्हतं."

त्याने सोग्यातून हात काढला आणि डाव्या हाताने फडकं सोडवलं. लाखांदूरहून पदरात बांधून आणलेलं दुसरं लिंबू सत्यभामेने बाहेर काढलंच नाही, त्याची गरज नव्हती. अंगठा दोन्ही बाजूंनी फुटला होता. हळदीखाली दाढेची खूण स्पष्ट होती. ताराचंद स्वतःच आपल्या मनगटाकडे, मग कोपराकडे, मग खांद्याकडे पाहू लागला. पोरीचा फोन आल्यापासून हा माणूस इथे बसून हेच पाहत असणार, हे तिला कळलं.

"कुठवर आला असन वं तो?" त्याने विचारलं.

तिला माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नसतं. तिने त्याच्या मांडीवरचं दावं काढून खुंट्याला अडकवलं, आपल्या बारीक हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याला उभं केलं. बाहेर सडकेवर अंकुशचा ऑटो धडधडत होता.

"तो पायी चालून राहिला, भाऊ," सत्यभामा म्हणाली. "आपन गाडीनं जाऊ."